सरळ दांड्यावरचं फूल

बाबांच्या रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलचा सुईचा दांडा वाकडा होता, दादाने गोव्याहून आणलेल्या नव्याचा सरळ. त्यावरून आम्हा भावंडांचं वाजत होतं. मला तर त्या सरळ दांड्याची पहिल्यापासून भीतीच वाटत होती.

भांडण एका रेकॉर्डपायी. बाबा गावात गाऱ्हाणं घालायचे. कामाआधी देवाला मोठ्याने साकडं, आणि जमलेल्यांचं ‘होय म्हाराजा’. त्यांच्या एका हौशी मित्राने ते गाऱ्हाणं मऊ लेपाच्या तबकडीवर थेट कोरून दिलं होतं. तेवढी एकच प्रत. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज तेवढाच उरला, तोही दर खेपेला झिजणारा. आता एकदाच वाजवून मोबाइलवर उतरवून घ्यायचा होता.

“वाकडो दांडो जड, रेकॉर्ड खाता,” दादा म्हणाला. “ह्यो सरळ, हलको.”

खोटं नव्हतं ते. सरळ दांडा उंचसखल तबकडीवरही अलगद चालतो. वाकड्याचं सुई बसवलेलं डोकं काढता-घालता येतं, पण आमच्या खाऱ्या वाऱ्याने तिथला सांधा गंजून खरखरायचा. तरी त्याच्या सुईचा दाब बाबांनी लावलेला होता, आणि मी हट्टी आहे.

दादाने नव्या सुईचा दाब नीट तोलला. मग वहिनीने यंत्राची पूजा केली आणि ओलं जास्वंदीचं फूल दांड्याच्या सुईकडच्या टोकावर चिकटवलं, देवळात कौलासाठी देवाच्या पाषाणाला लावतात तसं.

“आधी ते फूल काढा,” मी म्हटलं.

“काढू नको गो. वाजताना आपसूक पडांदे, तोच कौल. मगे मोबाइल चालू करुया,” वहिनी म्हणाली.

फूल उजवीकडे पडलं की देवाचा होकार, हे मीही मानते. पण एवढ्याशा दांड्यावर एवढं ओझं, आणि कौलापायी एक खेप फुकट!

सुई टेकली. ‘बा देवा म्हाराजा’, बाबांचा आवाज आला, पण घोगरा. सुईमागून लेपाचा केसासारखा काळा धागा निघून वर वळू लागला. 

“दादा, सुई रेकॉर्ड कापतेय!” मी हात पुढे केला. त्याने मनगट धरलं.

“गाऱ्हाणा मधीच तोडूचा नसता.”

बाबा बोलत राहिले, धागा वाढत राहिला. शेवटचं ‘होय म्हाराजा’ झालं आणि फूल पडलं. उजवीकडे.

“उजवो कौल दिल्यान!” वहिनीने हात जोडले.

दादाने मोबाइल चालू केला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. आम्ही तिघं वाट बघत बसलो. नुसती खरखर येत होती.