ज्याचा मास्क त्याच्या हातात

शहापूरला एका लहानशा दवाखान्यात मी इमर्जन्सीची नर्स होते. वेदना कमी करणाऱ्या गॅसचा सिलिंडर आमच्याकडे नुकताच आला होता. त्याचा मास्क पेशंटनं स्वतःच धरायचा. गुंगी आली की हात खाली पडतो आणि गॅस थांबतो. म्हणून दुसऱ्या कुणी मास्क दाबून धरायचा नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला चारचारदा बजावलं होतं.

एका दुपारी किन्हवलीकडचे दोन भाऊ रिक्षातून आले. धाकट्याचा उजवा खांदा निखळला होता, ओठ फाटला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"यानं केलं," धाकटा थोरल्याकडं बघून ओरडला. "शेताचं पाणी मी वळवलं म्हणून काठी घातली. वरून हात पिरगळला."

थोरला दारातच उभा राहिला. रिक्षा त्यानंच आणली होती.

डोक्याला, छातीला मार नाही ना, हे डॉक्टरांनी नीट तपासलं. मग मी धाकट्याच्या डाव्या हातात मास्क दिला. चार श्वासांत त्याचा आवळलेला जबडा सैल झाला. डॉक्टरांनी दंड हळूहळू ओढायला घेतला, तसा तो किंचाळला आणि मास्क हातातून सुटला.

थोरला दारातून धावत आला. मास्क उचलून त्यानं भावाच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबला. "श्वास ओढ रे, ओढ! दुखायचं नाय!"

धाकट्यानं डोळे उघडले, तर वर भावाचा चेहरा. मास्कखालून तो गुदमरल्या आवाजात ओरडला, "मारतोय मला!" त्याची लाथ ट्रेवर बसली, दुसरी थोरल्याच्या पोटात. तरी थोरला सोडेना. मी त्याचं मनगट धरलं, तर त्यानं मला झटकलं. मी पडले, माझं कोपर कॉटच्या लोखंडावर आपटलं. डोळ्यांपुढं अंधारी आली.

मी उठले आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून त्याच्या थोबाडात दिली.

"सोड! तुझ्या हातून त्याला श्वाससुद्धा नकोय!"

त्यानं सोडलं. तिथंच खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. वॉर्डबॉयनं त्याला बाहेर नेलं.

मी मास्क पुढं केला, तर धाकट्यानं तोंड फिरवलं. "आधी दार लावा, बाई."

मी दार लावलं. मग त्यानं स्वतः मास्क धरला आणि हात गळून पडेपर्यंत गॅस ओढत राहिला. खांदा बसला. पाचेक मिनिटांत त्याला नीट शुद्ध आली.

"हाय का गेला तो?"

"बाहेर आहे."

"ऱ्हाऊ दे बाहेरच."

मारामारीची केस म्हणून डॉक्टरांनी कळवलं होतं, पोलीस आले. धाकट्यानं सगळं सांगितलं, थोरल्यानंही नाकारलं नाही. संध्याकाळी धाकट्याची बायको त्याला घेऊन गेली. थोरल्याकडं तिनं पाहिलंही नाही.

डॉक्टरांनी मला घडलेलं सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी मास्क लिहिला, लाथा लिहिल्या, सुजलेलं कोपर लिहिलं. थप्पड तेवढी लिहिली नाही. भावाचं दुखणं थांबवायला धावलेल्या माणसाला मी मारलं होतं, आणि मारताना मला बरं वाटलं होतं.