रबराच्या पानावरचं गजकर्ण

रबराच्या झाडाच्या रोगांवर मी पीएचडी करत होते, आणि रबराचं झाड मी आयुष्यात एकदाही पाहिलेलं नव्हतं. आमचं गाव शेंद्र्याच्या अलीकडं. तिथं कापूस, तूर, मोसंबी आणि रस्त्यापलीकडं कारखाने. आईला माझा विषय शेवटपर्यंत पटला नाही.

"आपल्याकडं रबराचं एक झाड नाय," ती म्हणायची. "त्याला रोग झाला काय अन् नाय झाला काय, तुला काय त्याचं?"

"अगं, त्याच्या चिकापासून टायर बनतात. आपल्या गाडीला लागतात ना?"

"मग गाडी पंक्चर झाली की तू काढणार व्हय?"

माझ्या मार्गदर्शक सरांचे केरळातले एक मित्र कागदी पाकिटांतून डाग पडलेली पानं पाठवायचे. त्या डागांतली बुरशी वेगळी काढायची, प्लेटमध्ये वाढवायची आणि ती नेमकी कोणती ते शोधायचं, एवढं माझं काम. सूक्ष्मदर्शकाखाली यातल्या कितीतरी बुरश्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून त्यांचा डीएनए काढून त्यातला एक तुकडा वाचून घ्यायचा आणि इंटरनेटवरच्या मोठ्या संग्रहाशी ताडून बघायचा. थोडक्यात, बुरशीचं आधार कार्ड तपासायचं.

आमचे सर स्वच्छतेच्या बाबतीत भलते कडक. प्रयोगशाळेत शिरताना हात दोनदा धुवायचे, केस बांधायचे, आणि सोमवारी चक्क नखं दाखवायची. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण तिशीला आली होती, तरी आम्ही दर सोमवारी शाळेतल्या पोरींसारखे हात पुढं करून उभ्या राहायचो. मैत्रीण शहरातल्या औरंगपुऱ्यात वाढलेली, तिच्या तोंडात अर्धी हिंदी. "सर की शादी में भी वरमाला के पहले नाखून चेक हुए होंगे," असं ती माझ्या कानात पुटपुटायची आणि मला ओठ चावून गंभीर राहावं लागायचं.

एकदा नव्या पानांची पाकिटं आली तेव्हा सर म्हणाले, "सरका. पान कसं लावायचं ते आज मी दाखवतो. तुमच्या हातून नेहमी काहीतरी राहतं." बाह्या दुमडून ते बसले आणि पानांचे बारीक तुकडे एकेक करून प्लेटांमध्ये ठेवत गेले. त्यांचा हात खरंच सफाईदार होता. मधूनमधून डाव्या मनगटावरचं घड्याळ ते इकडंतिकडं सरकवत होते, तेवढंच.

दहाएक दिवसांनी त्यातल्या एका प्लेटमध्ये कापसाच्या बोंडासारखा पांढराशुभ्र गोळा उगवला. मागून पाहिलं तर पिवळसर तपकिरी. बाकीच्या प्लेटांमधल्या करड्या बुरशीशी त्याचं काहीच जमत नव्हतं. सरांनी ती प्लेट उजेडाकडं धरली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ही रबरावर आजवर कुणाला सापडलेली नसावी," ते हळूच म्हणाले.

पुढचे दिवस सर हवेत होते. विभागप्रमुखांना त्यांनी प्लेट दाखवून आणली. नवीन जात निघाली तर तिला आपल्या गावाचं नाव द्यायचं, इथवर त्यांचं ठरलं. मैत्रिणीनं तिचं परस्पर बारसं करून टाकलं. ती तिला "म्हातारीचे केस" म्हणायची.

मी डीएनए काढला, त्यातला हवा तो तुकडा यंत्रात वाढवला आणि वाचायला बाहेर पाठवला. उत्तर ईमेलनं आलं. मी ते संग्रहाशी ताडून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि मग खुर्चीत बसूनच एवढी हसले की मैत्रीण धावत आली. आमची नव्या जातीची बुरशी गजकर्णाची निघाली होती. माणसाच्या कातडीवर आणि नखांवर जगणारी. झाडाशी तिचं काही देणंघेणं नाही. ती कुणाच्या तरी अंगावरून प्लेटमध्ये पडली होती.

"सर को कौन बोलेगा?" मैत्रिणीनं विचारलं.

मीच सांगितलं. सरांनी कागद दोनदा वाचला. मग मान वर करून त्यांनी पहिल्यांदा आमच्या मामांकडं पाहिलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. विभागात सगळ्यांत जुने, काचसामान धुण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. नंतर, मी खेड्यातून येणारी म्हणून, सरांची नजर माझ्याकडं आली. आम्हा दोघांनाही ती नजर कळली. मामांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"माझं तपासा आधी," ते म्हणाले. "नंतर बाकीच्यांचं."

सर जरा वरमले. "सगळ्यांचं तपासू. आत येणाऱ्या प्रत्येकाचं. माझंसुद्धा. नियम म्हणजे नियम."

आत येणारे आम्ही पाचजण. मी, मैत्रीण, मामा, सर आणि कधीमधी डोकावणाऱ्या एक प्राध्यापिका. कुणाची शोभा नको म्हणून नावांऐवजी नंबर ठेवायचे ठरले. चिठ्ठ्या मामांनी उचलल्या आणि कुणाला कुठला नंबर आला ते फक्त माझ्या वहीत राहिलं. मग मी एकेकाच्या हाताची कातडी बोथट पात्यानं हलकेच खरवडून घेतली. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला. मी म्हटलं, "सर, दोन्ही हात लागतील." त्यांनी घड्याळ काढलं. पट्ट्याखाली लालसर, कडेनं खवले आलेलं, रुपयाएवढं सुरेख वर्तुळ होतं.

"घामोळं आहे," सर म्हणाले. "उन्हाळ्यात होतं मला."

"हो सर," मी म्हटलं आणि तिथलं जरा जास्तच खरवडून घेतलं.

त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मामांकडं टाकलेली ती नजर माझ्या मनातून जात नव्हती, आणि खोटं कशाला सांगू, मला मजाही येत होती. बाहेर येऊन मी मैत्रिणीला सांगितलं तर ती जिन्यातच बसली. "अब हमको भी होगा क्या?" म्हणून दोन्ही मनगटं तिनं दहा वेळा तपासली.

दोन-तीन आठवड्यांनी निकाल हातात आला. चार जण स्वच्छ. चार नंबरची बुरशी आणि पानावरची बुरशी एकच, डीएनएचं अक्षरन् अक्षर सारखं. सरांनी सगळ्यांना बोलावलं आणि निकाल स्वतः वाचून दाखवला.

"चार नंबरनं लाजू नये," ते म्हणाले. "आजार कुणालाही होतो. पण निष्काळजीपणाला माफी नाही. चार नंबरनं त्वचेच्या डॉक्टरकडं जावं आणि पूर्ण बरं होईपर्यंत या दारातून आत पाऊल टाकू नये. ही माझी ऑर्डर आहे."

मामा छताकडं बघायला लागले. मैत्रीण ओढणी तोंडात कोंबून उभी होती.

"सर," मी म्हटलं, "चार नंबरला हे सांगायचं कुणी?"

"तू सांग. वही तुझ्याकडं आहे."

"माझं ऐकतील असं वाटत नाही, सर."

"का नाही ऐकणार? आण ती वही, मी सांगतो त्याला."

मी वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. सरांनी चष्मा नीट केला. वाचलं. घड्याळ काढून पट्ट्याखाली पाहिलं. मग ते घड्याळ खिशात टाकून प्रयोगशाळेच्या बाहेर गेले आणि मागं दार लावून घेतलं.

स्वतःची ऑर्डर त्यांनी तंतोतंत पाळली. महिनाभर सर आत आले नाहीत. रोज सकाळी अकराला ते व्हरांड्यात, खिडकीबाहेर उभे राहायचे. आम्ही एकेक प्लेट काचेला लावून धरायचो आणि ते बाहेरून ओरडून सूचना करायचे. काच जाड, त्यामुळं अर्धं ऐकू यायचं नाही. आम्ही मुद्दाम एखादी प्लेट उलटी धरायचो, मग ते दोन्ही हातांनी "फिरवा, फिरवा" अशा खुणा करत नाचायचे. व्हरांड्यातून जाणारी पोरं थांबून बघायची. आता आठवलं की जरा लाज वाटते. जरा.

हसण्याची किंमत मलाही मोजावी लागली. त्या दिवशीच्या सगळ्या प्लेटा बाद झाल्या, केरळातून पुन्हा पानं मागवावी लागली, आणि माझं काम दोन-अडीच महिने मागं गेलं. घरी मी कारण सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजी झाडाला काही नव्हतंच. मास्तरलाच लागण झाली होती. लई शिकलीस बाई."

बरे होऊन सर परत आले त्या दिवशी ते आमच्या आधी पोचले होते. मी दारातच थांबले, कारण आत ते मामांशी बोलत होते.

"मामा, त्या दिवशी मी आधी तुमच्याकडं बघितलं. ते चुकलं माझं."

"बघितलं व्हय?" मामा चंचुपात्र पुसत म्हणाले. "माझं ध्यान नव्हतं." त्यांनी ते पात्र उजेडात फिरवून पाहिलं आणि फळीवर ठेवलं. "चहा सांगू का?"

हा सगळा प्रकार प्रबंधात लिहायचाच, असा सरांचा आग्रह होता. मी गुळमुळीत लिहिलं होतं, "बाह्य स्रोतातून दूषितीकरण." सरांनी लाल पेनानं ते खोडलं आणि वर लिहिलं, "मार्गदर्शकाच्या डाव्या मनगटावरून."

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक ज्येष्ठ परीक्षक आले होते. रबराच्या पानावर मला ज्या बुरश्या खरोखर सापडल्या होत्या, त्यांच्यावर त्यांनी तासभर मला पिळून काढलं. मग ते प्रबंधातल्या मनगटाच्या वाक्यावर आले, वाचून थांबले, आणि त्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी नुसती मान हलवली. परीक्षकांनी पुढचं पान उलटलं. मी पास झाले.

नंतर चहाच्या वेळी त्यांनी सरांना बाजूला घेतलं. मी बशी ठेवायला गेले तर परीक्षकांची पॅन्ट पोटरीपर्यंत वर होती आणि ते दबक्या आवाजात विचारत होते, "हे बघा बरं, हेही तसलंच असेल का? मी आपलं घामोळं समजत होतो."

सरांनी चष्मा काढला, वाकून नीट पाहिलं, आणि औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या डॉक्टरांचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू आधी हात धुऊन ये. दोनदा."