एडक्याचे गुर्दे

माझे सासरे फकिरा यांना गाव रागीट म्हणतं. साफ खोटं. चाळीस वर्षं मेंढ्यांमागे उन्हातान्हात चाललेल्या या माणसानं जनावरावर कधी काठी उगारली नाही. रागीट मी आहे.

दर मे महिन्यात आमचा कळप महागावजवळ मारोतरावांच्या शेतात बसतो. लेंड्या आणि मूत त्यांच्या जमिनीला, वर्षाची ज्वारी आम्हाला. यंदा चारा नव्हता, म्हणून सासऱ्यांनी बिनकाट्याचा निवडुंग चिरून, सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, कालवून घातला. मेंढ्या जगल्या. मुतायला मात्र दुप्पट लागल्या. निवडुंगात पाणीच फार, त्याला त्या तरी काय करणार?

मेंढ्यांची मूत्रपिंडं बिघडली असं ठरवून मारोतरावांनी कळप बाहेर काढला. "फकिरा, यायचे गुर्दे सडले. रोगाचं मूत मले वावरात नाही पायजे."

मुतासाठी बोलावलेल्या मेंढ्या, मुतल्या म्हणून हाकलल्या! जनावरांच्या डॉक्टरनं तपासून काही नाही म्हणून सांगितलं, तेही मारोतरावांना पटेना. "एक कापून दाखव," म्हणाले. ज्वारी गेली तर खायचं काय? सासऱ्यांनी मोठा एडका आणला. त्याची आई मेली तेव्हा मी त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं.

गुर्दे निघाले. गुळगुळीत, तांबूस, ना सूज ना खडा. मारोतरावांनी बोटानं दाबून पाहिले, सोबतच्या चौघांना दाखवले. मग सगळे आमच्याच अंगणात जेवायला बसले. रस्सा मी केला. दातओठ खात केला.

दोनदा वाढून घेतल्यावर मारोतराव बोटं चाटत म्हणाले, "एकावरून काय समजते? आनखी एक पाहा लागन."

सासरे उठले. सुरी धुऊन आणली आणि त्यांच्या ताटापाशी ठेवली. आवाज जराही चढला नव्हता.

"बराबर आहे. आता तुमचा बोकड आना. त्यानं निवडुंग खाल्ला नाही. दोघायचे गुर्दे बाजूबाजूनं ठेवू, मंग सांगा कोनाचे सडले."

मारोतरावांनी सुरी बाजूला सारली. "त्याले आमी लेकरावानी वाढोलं, फकिरा."

"अन् तुमी आता जो खाल्ला, तो माह्या सुनेनं वाढोला होता."

त्यानंतर कोणी घास उचलला नाही. संध्याकाळी हे ऐकून पलीकडच्या तांड्यातल्या भीमसिंगनं ज्वारी कबूल करून कळप आपल्या वावरात नेला. मारोतरावांच्या धुऱ्याला, बांधाला लागूनच आमच्या मेंढ्या बसल्या, आणि मनसोक्त मुतल्या.