गंगेत गेलेल्या फोनची किल्ली

हे सदर मी वाचते ते, खरं सांगायचं तर, हसायला. हडळ, चकवा, मागून हाक मारणारी बाई... माझा कशावरच विश्वास नव्हता, आणि तुम्ही ठेवा असंही म्हणणार नाही. मी सेलूत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. बीएस्सी कॉम्प्युटर झालेय. मशीन बिघडलं की कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मी उठत नाही. घरचे वैतागतात, पण स्वभाव आहे.

शूटिंग माझे दीर करतात, दत्ताभाऊजी. मोठा कॅमेरा असतोच, पण जवळून घ्यायचं ते मोबाईलवर घेतात आणि तिथूनच दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाठवतात. आधी त्याला पासवर्ड होता. भाऊजींनी तो प्रसादासारखा वाटला, आणि एका नवरीचे फोटो तिच्याआधी गावानं पाहिले. मी पासवर्ड बंदच केला. फाइल पाठवायचा रस्ता, एसएफटीपी म्हणतात तो, किल्लीवर ठेवला. म्हणजे फोनमधल्या अ‍ॅपमध्ये एक किल्ली तयार करायची, ती फोनबाहेर जात नाही. तिच्या जोडीचं कुलूप आपल्या कॉम्प्युटरवर. जोडी जुळली तर फाइल आत, नाहीतर दारातूनच परत.

"वैनी, तुमी तर बँकच उघडली," भाऊजी म्हणाले.

"लोकांच्या लेकीबाळींचे फोटो आहेत. बँकच समजा."

तर गावातल्याच वैशालीचं लग्न. आपल्याकडे घरच्या बायका मंगलाष्टकं स्वतः रचतात, त्यात मामा-आत्या सगळ्यांची नावं गुंफतात. वैशालीच्या आईनं, सुमनकाकूंनी, तशीच रचली होती. नावांची कडवी झाली आणि काकू डोळे पुसायला थांबल्या. बँडवाल्यांना वाटलं, संपलं. त्यांनी दणक्यात सुरू केलं. काकूंनी शेवटचं कडवं तरीही म्हटलं... ते फक्त लेकीसाठी होतं. अंतरपाटामागे उभ्या वैशालीला काहीच ऐकू गेलं नाही. मोठ्या कॅमेऱ्यात काकूंचे ओठ हलताना दिसतात, ऐकू येतो बँड. भाऊजी मात्र मोबाईल घेऊन काकूंच्या अगदी शेजारी होते.

ती क्लिप पाठवायची राहिली. पुढच्या कामाला भाऊजी गंगाखेडला गेले, तिथं गोदावरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या गंगेच्या, घाटावर वाकून शूट करताना फोन हातातून सुटला. "वैनी, फोन गेला गंगंत. भोई उतरवले पाण्यात, लय हुडकलं, घावला न्हाई." मी आधी ओरडले, मग त्या फोनची किल्ली रद्द केली. फोन हरवला की त्याचं कुलूप यादीतून काढून टाकायचं, म्हणजे ती किल्ली कुठंच लागत नाही, हा नियम मीच केलेला. नवा फोन आला, त्याची नवी किल्ली झाली.

नंतर थोड्याच दिवसांत सुमनकाकू गेल्या. अटॅक आला.

वैशाली दुकानात आली ती या एकाच गोष्टीसाठी. "ताई, आईनं शेवटी काय म्हटलं हो? मी सासरहून फोनवर विचारलं होतं, तर म्हणाली, आता काय सांगायचं, व्हिडिओत ऐक की."

मला तिच्याकडे बघवेना. नाही म्हणून सांगितलं. ती पाणी पिऊन गेली. त्यानंतर भाऊजींशी मी नीट बोलत नव्हते.

आणि मग एक दिवस भर दुपारी, दुकान उघडं, रस्त्यावर रहदारी, भाऊजी माझ्यासमोर डबा खायलेत, त्यांचा नवा फोन चार्जिंगला... आणि जुन्या फोनच्या फोल्डरमध्ये फाइल यायला लागली. कोण आत आलं त्याची नोंद असते, तो लॉग मी उघडला. किल्ली जुनी, तीच, आणि स्वीकारली म्हणून लिहिलेलं. मी कुलपांची यादी बघितली. तिथं तिचं कुलूप नव्हतंच.

"भाऊजी, काय पाठवायलात?"

"मी? जेवायलोय की वैनी."

क्लिप सुरू केली. सुमनकाकूंचा आवाज. मागं बायकांची कुजबुज, कुणाचं तरी लेकरू किरकिरतंय, पण बँड नाही. ज्या बँडमुळे मोठ्या कॅमेऱ्यात एक शब्द कळत नाही, तो यात नावालाही नाही. भाऊजींच्या हातातला घास तसाच राहिला.

म्हटलं, आता कारण काढते. फोन कुणाला सापडला असेल? सापडो, त्याचं कुलूप मी यादीतून काढून टाकलेलं होतं. कुठं कॉपी राहिली असेल? नेटपॅक वाचवायला भाऊजी बॅकअप बंदच ठेवायचे. परभणीहून एका जाणत्या मित्राला बोलावलं. तो दिवसभर बसला, म्हणाला, "जुनी नोंद कुठंतरी राहिली असणार." कुठं ते त्यालाही दाखवता आलं नाही. बँडचं विचारलं तर बॅग भरायला लागला.

वैशालीला बोलावून किल्लीचं सगळं सांगितलं, तिनं हेडफोन लावून ऐकलं. कडवं साधंच होतं. रागावून ये, न सांगता ये, कधीही ये, तुझ्यासाठी दाराला कडी लावणार नाही, असं काहीसं. पोरगी खूप रडली. मीही रडले, त्यात काय लपवायचं.

जाताना म्हणाली, "ताई, ती किल्ली परत चालू करता का? असू द्या."

नियमानं हे चूक आहे. भाऊजींनी सांगितलं असतं तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं. आणि बंद असताना जी आत आली, तिला चालू केल्यानं काय फरक पडणार, एवढं मलाही कळतं. तरी केली.

त्यानंतर तिथून काहीच आलेलं नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही. दर महिन्याला मी जुन्या किल्ल्या काढून टाकते, तेव्हा तेवढी एक सोडते.