अमेरिकेला धाडलेला दाखला

माझं शिक्षण मराठी चौथी. ठाण्याच्या एका गिरणीत मी फिटर होतो. बायको बी.ए., कल्याणच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. लग्नात ती मॅट्रिक होती, पुढचं सगळं डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शिकली. लोक हसायचे. मी म्हणायचो, हसू देत. ती जाऊन आता चार महिने झाले. लिहायची सवय नाही, तरी लिहितोय.

पन्नास साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. अमेरिकेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात परदेशी बायकांसाठी एक जागा होती. फी माफ, बोटीचं भाडंही तेच देणार. हिने अर्ज केला. सोबत वरिष्ठांचं पत्र हवं होतं. ते शाळेच्या मोठ्या बाईंनी दिलं, आपल्याकडे देतात तसंच. अमुक वर्षे आमच्याकडे आहेत, चालचलन चांगले, पुढील आयुष्यास शुभेच्छा. खाली सही आणि शिक्का.

महिन्याभराने उत्तर आलं. इंग्रजी होतं, हिने मला मराठीत सांगितलं. दाखला पोचला, पण त्यावरून या बाई कशा आहेत ते कळत नाही. त्यांचं काम पाहिलेल्या माणसाने सविस्तर लिहावं, त्या कुठे कमी पडतात तेही लिहावं. मुदतीत पत्र आलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

मोठ्या बाई चिडल्या. "माझ्या सहीला किंमत नाही? आणि तुझे दोष मी परक्यांना कळवू? मी काय तुझी वैरीण आहे?" दुसरं पत्र देणार नाही म्हणाल्या.

ही घरी आली आणि पाटावर नुसती बसून राहिली. जेवली नाही. "जाऊ दे हो, आपल्याला कुठे झेपणार होतं," एवढंच म्हणाली. शेजारी मला म्हणाला, "सुटलास रे. गेली असती तर परत आली असती का?" खोटं कशाला बोलू, ती भीती मलाही होती. पण तिला तसं बसलेलं मला बघवेना.

गिरणीच्या सुट्टीला मी कल्याणला बाईंच्या घरी गेलो.

"बाई, तुम्ही दाखल्यात खोटं लिहिलंत."

"काय खोटं लिहिलं?"

"चालचलन चांगलं म्हणे. मग तपासणीच्या साहेबांशी कोण भांडलं?"

झालं होतं असं. दुर्गाडी किल्ल्याबद्दल धड्यात दोन ओळी होत्या. हिने मुलींना खाडीवर नेलं, म्हाताऱ्या होडीवाल्यांना विचारायला लावलं, चार-चार पानं लिहून घेतली. साहेब म्हणाले, पुस्तकात नाही ते शिकवू नका. ही म्हणाली, पुस्तक लिहिणारा कधी कल्याणला आला होता का?

बाईंना हसू आलं. "हे लिहिलं तर तिला कोण घेईल?"

"न लिहून तरी कुठे घेतायत?"

"बरं, आता हा गुण म्हणून लिहू की दोष म्हणून?"

"मला काय कळतंय त्यातलं. दोन्हीकडे लिहा."

त्यांनी दौत पुढे ओढली. "घरी कशी असते?"

"घरीही तशीच. चुलीवर भात करपतो आणि ही वाचत बसते."

"हे नाही लिहायचं."

"दोष मागितलेत ना त्यांनी?"

"तुम्ही आता चहा घ्या आणि गप्प बसा," बाई म्हणाल्या. तीन पानं लिहून झाली तेव्हाच उठल्या.

जागा मिळाली. ही दोन वर्षं तिकडे राहिली, मी इकडे. दर पंधरवड्याला पत्र यायचं. त्या विद्यापीठाचाच इतिहास ती मला सोप्या मराठीत लिहून पाठवायची. म्हणे ते आधी पाद्री तयार करायला काढलेलं. बायकांना किती तरी वर्षं दारातही उभं करत नव्हते. मग बाजूला वेगळं कॉलेज दिलं, पण पुरुषांच्या एका वाचनालयात बायकांना अजून मज्जाव. "एवढे समुद्र ओलांडून आले, तर इथेही सोवळं," तिने लिहिलं होतं. मी ते शेजाऱ्याला वाचून दाखवलं.

ती परत आली, त्याच शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. भेटायला येणारे म्हणतात, तुम्ही मोठ्या मनाने पाठवलंत. मी कोण पाठवणारा? मी एक दिवस कल्याणला गेलो, एवढंच. मोठ्या बाईंनी राग सोडून पत्र लिहिलं, त्यांचे उपकार आहेत. त्या असत्या तर पाया पडलो असतो.

ही गेली तेव्हा तिच्या विद्यार्थिनी आल्या होत्या. केस पिकलेल्या, कुणाच्या हातात काठी. रडून झाल्यावर त्यातल्या दोघी वसईच्या लढाईवरून वाद घालायला लागल्या. एक म्हणे आपल्या बाईंनी वर्गात असं सांगितलं होतं, दुसरी म्हणे मुळीच नाही. तिसरी त्यांना दटावायला लागली, प्रसंग काय आणि बोलताय काय. मी म्हटलं, बोलू दे त्यांना. आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठलो.