तुळिंजला नेलेला निळा कॅमेरा

अर्नाळ्याहून सकाळची बस धरली. मांडीवर पिशवी, तिच्यात टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा, आणि सगुणाने, म्हणजे माझ्या बायकोने, दिलेली भाकरी नि सुका बोंबील. कॅमेरा विकून घरावर नवे पत्रे टाकायचे, एवढंच काम. मन नव्हतं. पण पाऊस तोंडावर आलेला आणि जुन्या पत्र्यांची चाळण झालेली.

शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला.

"मावशे, मासली नाय, कॅमेरा हाय."

"मंग मरून दोन दिस झालं असतील त्याला."

सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. केळीच्या वाड्या मागे गेल्या, विरारच्या इमारती लागल्या. ह्या वाड्यांतल्या किती लग्नांचे फोटो मी काढले! मोबाईल आल्यापासून कोणी बोलावत नाही.

विरारला उतरून रिक्षा केली, पण तुळिंजला रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत सोडलं. दुकान कुठे, हे कुणाला विचारणं मला जमत नाही, त्यामुळे उन्हात पाय भरून आले. शेवटी उसाचा रस प्यायला थांबलो, तर समोरच जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.

काचेच्या कपाटात कॅमेरे देवासारखे मांडलेले. एकाची किंमत ऐकून मी स्टुलावर बसलोच.

"ह्या डब्याला एवढं?"

"काका, कंपनीने मुळात थोडेच काढले," दुकानदार म्हणाला. "त्यातले किती गंजले, भंगारात गेले. नवीन कोणी बनवत नाही आणि जमवणारे वाढलेत. एकाच्या मागे चौघं लागले की भाव चढणारच."

"म्हंजे घोलीसारकं." घोळ (क्वचित लागणारा मोठा मासा) बंदरात आली की बोली लावणारे एकमेकांच्या अंगावर जातात. बोंबलाकडे तेव्हा कोण बघतो?

"करेक्ट. दाखवा तुमची घोळ."

मी टॉवेल सोडला. तो बघतच राहिला.

"काय हे! ऑइलपेंट कोणी मारला?"

आमच्याकडे नारळी पुनवेआधी होड्या रंगवतात. आम्हाला होडी नव्हती. घर कॅमेऱ्यावर चालायचं. म्हणून शेजाऱ्यांच्या होडीचा उरलेला रंग सगुणा दरवर्षी कॅमेऱ्याला द्यायची, काच सांभाळून. तसं मी त्याला सांगितलं, घरावरच्या पत्र्यांचंही सांगितलं.

"मॉडेल रेअर आहे, काका. रंग खरवडला तर पत्र्यांचे पैसे आत्ता देतो." त्याने पातं लावलं. निळ्याचा टवका उडाला. खाली पिवळा निघाला, त्याच्याखाली हिरवा, मग लाल.

मी त्याचं मनगट धरलं.

"असा रंगवलेला जगात हा एकच हाय. मंग ह्याला भाव का नाय?"

"नुसतं एकच असून काय करू? मागणारा नको? असा कोणाला पाहिजे?"

"मला," म्हणालो, आणि टॉवेल गुंडाळला.

घरी आलो तेव्हा पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडले होते. सगुणाने पिशवी चाचपली आणि कपाळावर हात मारला.

"येड्या म्हाताऱ्या! रंग मी परत दिला नसता काय?"

"वरचा दिला असतास. खालचे कुठून आनले असतेस?"

तिने परसातून डांबराचा डबा आणून माझ्यासमोर आपटला. म्हणजे यंदाही ठिगळंच.

दमून भिंतीला टेकलो. असले कॅमेरे कमी का, ते दुकानदाराने सांगितलं. त्याने एक कारण सोडलं. काही हट्टी म्हातारे ते घरी परत घेऊन येतात.