कौसाबाईंची ‘हरकत न्हाई’

कौसाबाई माझ्या वकिलीच्या टेबलासमोर येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या शेतात निम्मा चर खोदून झाला होता. झरी गावाजवळ त्यांची चार एकर काळी जमीन. तिथून इंटरनेटची फायबर केबल न्यायची होती. चर विहिरीपासून जेमतेम पाच फुटांवरून पुढे जाणार होता.

“काळं रान हाय, मॅडम. पावसाचं पानी चरात मुरलं की हीर ढासळती. दुसरं पानी न्हाई मला.”

“कशावर अंगठा घेतला तुमचा?”

“मला सही येती की!” त्या फणकारल्या. “आन् ती बी कुठं केली न्हाई.”

मी केबल कंपनीच्या खोदकामाच्या मॅनेजरला फोन लावला. “मालकाची एनओसी आहे, मॅडम. व्हिडिओ आहे. आणि टेलिग्राफ ॲक्टमध्ये परवानगी लागतच नाही.”

व्हिडिओचं ऐकून मी बुचकळ्यात पडले. टेलिग्राफ ॲक्टचं ऐकून मात्र मला चेव आला. तो कायदा इंग्रजांच्या काळातला, तारांचा. त्यात मालकाला न विचारता रानात खांब रोवता यायचा. नुकसान भरून दिलं की झालं. नव्या दूरसंचार कायद्याने हे बदललं. आता खाजगी जमिनीतून केबल न्यायची तर मालकाशी करार करावा लागतो. मालक नाहीच म्हणाला आणि लोकहितासाठी जमीन हवीच असली, तर ते सरकारने ठरवायचं, मॅनेजरने नव्हे. वाद झाला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं.

हा कायदा मी हट्टाने वाचला होता. बार असोसिएशनमधले सीनियर मला टॉवरवाल्या वकीलबाई म्हणायचे. “अगं, ती प्रॅक्टिस दिल्ली-मुंबईची. परभणीत वाटणीचे दावे कर, पोट भरेल.” मला भयंकर राग यायचा. केबल काय फक्त दिल्लीतच जमिनीखालून जाते?

जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, काम थांबवायची मागणी केली. सुनावणीला कंपनीचे वकील बाहेरगावाहून आले, सोबत तो मॅनेजर. त्यांनी मोबाइल जिल्हाधिकाऱ्यांसमोर धरला. व्हिडिओत कौसाबाई तोंडभर हसून म्हणत होत्या, “हरकत न्हाई, हरकत न्हाई.”

“ही घ्या जमीनमालकाची ना हरकत,” वकील म्हणाले.

अशिलाने आपल्यापासून काही लपवलं की काय, असं वाटून मी त्यांच्याकडे वळले. “हे काय, कौसाबाई?” मी विचारलं.

“मशीन लिंबाखाली लावू का, म्हून इचारलं ह्या मॅनेजरनं. ऊन लय होतं.”

मी उठले. “साहेब, यात उत्तर आहे, प्रश्न कुठाय? व्हिडिओ सुरुवातीपासून लावायला सांगा.”

“एवढाच आहे,” वकील म्हणाले.

जिल्हाधिकाऱ्यांनी थेट मॅनेजरलाच विचारलं, “तुम्ही काय विचारलं होतं?”

मॅनेजरने आधी वकिलांकडे पाहिलं, मग फरशीकडे. “मशीन सावलीला लावू का, असं... सर.”

कौसाबाई ताडकन उठल्या. “दारी आलेल्याला सावली दिली. चहाबी पाजला. म्हून काय हिरीजवळ खांदायची परवानगी झाली व्हय?”

“बाई, बसा खाली,” वकील म्हणाले.

“का बसू? रान माझं हाय.”

वकिलांनी मग टेलिग्राफ ॲक्ट काढला. मी नवा कायदा त्यांच्यापुढे सरकवला. “जमिनीच्या बाबतीत ती कलमं आता चालत नाहीत, सर. आणि शेजारी रस्ता असताना केबल रानातून का?”

मॅनेजर बोलून गेला, “रस्त्याला बांधकाम खात्याची परवानगी लागते. वेळ जातो.”

“म्हणजे सरकारच्या जमिनीला परवानगी लागते आणि कौसाबाईंच्या जमिनीला नाही?”

जिल्हाधिकाऱ्यांनी पेन उचललं.

आदेश झाला. कराराशिवाय शेतात फावडंही लावायचं नाही, खोदलेला चर माती चोपून बुजवून द्यायचा. केबल रस्त्याच्या कडेने गेली. विहीर शाबूत आहे.

बाहेर पडताना वकिलांनी मला कार्ड दिलं. “आमच्या कंपनीच्या वकिलांच्या पॅनेलवर या, मॅडम. करारांचे मसुदे करून द्या.”

“मसुदा मराठीत असेल,” मी म्हटलं, “आणि सहीआधी मालकाला मी स्वतः वाचून दाखवीन.”

त्यांचा फोन काही आला नाही. माझ्याकडे मात्र मानवत आणि पाथरीहून अशाच तक्रारी घेऊन लोक येऊ लागले. कायदा दिल्लीत बदलतो. मशीनवाल्याला ते कुणीतरी आडवं उभं राहिल्यावरच कळतं.